मुलांची घसरगाडी: खेळणे नव्हे, वाहन

उत्तर अमेरिकेत हिवाळ्याचा पहिला भरघोस हिमपात झाला की दुकानादुकानांतून मुलांसाठी रंगीत प्लास्टिकच्या घसरगाड्यांच्या राशी लागतात, आणि टोरंटो वा बोस्टनकडे स्थायिक झालेली आपली मराठी कुटुंबेही त्यांतलीच एखादी स्वस्त गाडी घरी आणतात. कडाक्याच्या थंडीत पातळ प्लास्टिक ठिसूळ होते, गोठलेल्या उंचवट्यावर आपटताच त्याला तडा जातो, आणि तो सांधता येत नसल्याने तो जिन्नस त्याच मोसमात कचऱ्यात जमा होतो. मूल चार दिवस खेळणार, त्यासाठी अधिक पैसा कशाला, हा यामागील हिशेब मला सर्वथा अमान्य आहे. कारण ज्या साधनावर बसून मूल वेगाने उतार उतरते, त्याची पारख खेळण्याच्या नव्हे, वाहनाच्या निकषांवर झाली पाहिजे.

यांतला पहिला निकष दिशेवरील ताब्याचा. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल लीड्स ॲलन हे शेतीची अवजारे तयार करणारे कारखानदार. अवजारांची मागणी हंगामी, तेव्हा उरलेल्या काळातही आपल्या कामगारांना काम मिळावे या विवंचनेतून त्यांनी १८८९ साली ज्या ‘फ्लेक्सिबल फ्लायर’ घसरगाडीचे पेटंट मिळविले, तिच्या पोलादी धावपट्ट्या लवचिक होत्या. पुढील आडवा दांडा हाताने वा पायाने वळविताच त्या किंचित वाकत आणि एरवी पाय घासत दिशा राखणाऱ्या मुलाच्या स्वाधीन गाडीची दिशा होई. थाळीसारख्या गोल घसरगाडीत हे मुळीच शक्य नाही. ती स्वतःभोवती फिरते, आणि पाठमोऱ्या मुलाला समोरचे झाड दिसतही नाही.

स्वित्झर्लंडमधील डाव्होसची गाडी, जिच्या धर्तीच्या गाड्यांवर १८८३ साली क्लॉस्टर्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिला दांडा नाही. परंतु तिचे ॲशचे लाकूड मात्र अनुकरणीय आहे. ॲशचे तंतू लांब व सरळ असल्याने ते वाफेवर वाकविता येते आणि धक्का सोसून पूर्ववत होते, म्हणूनच अवजारांचे दांडेही त्याचेच करतात. धावपट्टीच्या वळणाबरोबर लाकडाची रेषा वळलेली दिसली, तर ते वाकविलेले आहे असे समजावे. रेषा वळणाला आडवी छेदत असेल, तर ते करवतीने कापलेले आहे आणि तेथेच मोडण्याचा संभव अधिक. सांधे नुसत्या खिळ्यांचे नसून बोल्ट वा रिव्हेटांचे आहेत की नाहीत, हेही हाताने पिळून पाहावे. भुसभुशीत, खोल बर्फात मात्र अरुंद पट्ट्या रुततात. तेथे कॅनडातील आदिवासींच्या परंपरेतून आलेला सपाट तळाचा टोबोगन अधिक योग्य.

चांगल्या गाडीची किंमत प्लास्टिकच्या कित्येक पट असेल, हे मान्य. परंतु पोलाद कोरडे पुसून त्यावर तेलाचा हात फिरविला, मेण घासले, तर ती धाकट्या भावंडांपर्यंत सहज टिकते. ग्राहकांनी दुकानदाराकडे एकच मागणी धरावी: मोडलेली फळी वा झिजलेला बोल्ट बदलून मिळेल, असे लेखी हमीपत्र. जो ते देण्यास तयार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.