बाटलीतला बाण

डिसेंबर उजाडला की आपल्याकडच्या शाळांतून विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागतात आणि घरोघरी एकच धांदल उडते. प्रकल्प मुलाचा, जागरण आईचं आणि खर्च बाबांचा! हल्ली तर स्टेशनरीच्या दुकानात रंगवून ठेवलेला ज्वालामुखीसुद्धा तयार मिळतो. मूल तो टेबलावर मांडतं, पाठ केलेल्या चार ओळी म्हणतं आणि परीक्षकांनी पाचवा प्रश्न विचारला की दाराशी उभ्या असलेल्या आईकडे बघतं. यंदा ज्यांच्या घरी सहावी ते नववीतलं मूल आहे, त्यांना मी एक स्वस्त आणि थोडा ओला उद्योग सुचवणार आहे. पाण्याचं रॉकेट.

हा उद्योग मी जवळून पाहिला तो मध्य प्रदेशातल्या बालाघाटला. माझी मावसबहीण तिथे दिलेली आहे. आपल्या वाचकांना बालाघाट लांबचं वाटेल, पण ते आपलं जुळं भावंडच म्हणायला हवं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी मांडणी झाली, त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात आले आणि शेजारचं बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. त्यामुळे बहिणीच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. आपल्याकडे मुलं घरात मराठी बोलून शाळेत कन्नडमध्ये उत्तरं लिहितात, तसंच.

तिचा मुलगा तेव्हा आठवीत होता. वडिलांचं म्हणणं, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी विकत मिळतो, तो आणू. मुलाला रॉकेटच हवं होतं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, रबरी बूच, सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, पुठ्ठ्याचे तीन पंख आणि शेजाऱ्यांचा पंप एवढा सरंजाम जमला. बुचाला भोक पाडून व्हॉल्व्ह घट्ट बसवला. बाटलीत पाणी घालून बूच ठोकलं, बाटली विटांच्या आधाराने उलटी उभी केली आणि हवा मारायला सुरुवात केली. दाब पुरेसा झाला की बूच आपोआप सुटतं आणि बाटली पाणी उडवत वर जाते. पहिली वर गेलीच नाही. आडवी सुटली आणि वाळत घातलेल्या साडीवर पाणी उडवत कुंपणापलीकडे गेली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बहिणीच्या सासूबाई ओसरीवर बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "अरे, उडवायचं आहे ना? मग पाणी भरून जड कशाला करतोस?" मुलाला उत्तर देता येईना. पुस्तकात न्यूटनचा तिसरा नियम होता, पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी मैदानात तीन वेळा नुसती हवा भरून बाटली सोडली. फट् आवाज झाला आणि बाटली जेमतेम घराच्या कौलांएवढी उडून खाली आली. मग पाव बाटली पाणी, मग एक तृतीयांश, मग अर्धी, मग पाऊण, असं प्रत्येकी तीन वेळा. सगळ्यात उंच गेली ती एक तृतीयांशाच्या आसपास. पाऊण भरलेली तर सुस्तावल्यासारखी थोडी वर जाऊन पाण्यासकट आदळली.

कारण असं. दाबलेली हवा म्हणजे आवळून धरलेली स्प्रिंग. ती सुटताना जे मागे फेकते त्याच्या उलट दिशेला बाटली ढकलली जाते. हवेचं वजन ते किती! तेवढं मागे फेकून बाटलीला फारसा रेटा मिळत नाही. पाणी जड, म्हणून रेटा मोठा. पण पाणी फार झालं तर हवेला जागा उरत नाही, स्प्रिंगच छोटी होते, आणि जोर संपला तरी निम्मं पाणी आतच राहतं. आजीला हे त्याने मराठीत समजावलं, आणि मला वाटतं प्रकल्प त्या ओसरीवरच पुरा झाला.

प्रदर्शनात परीक्षकांनी हिंदीत नेमकं तेच विचारलं. मुलाने वही पुढे केली. पहिलं बक्षीस मात्र दिवे लावलेल्या एका चकचकीत शहराच्या प्रतिकृतीला मिळालं. रॉकेट सभागृहात उडवता येत नाही, आणि टेबलावर ठेवलं तर ती रिकामी बाटलीच दिसते! मुलगा दोन दिवस घुश्श्यात होता. त्याचा राग मला रास्त वाटला.

बालाघाट ज्या राज्यात आहे तिथे एकेकाळी याच पद्धतीचं शिक्षण शाळेत चालत असे. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो पुष्कळ पसरला आणि 2002 मध्ये सरकारने बंद केला. खेळण्यांतून विज्ञान सांगणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथेच गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून आकार बनवायची त्यांची युक्ती तिथलीच. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी काम केलं.

आता आपल्या घरचा भाग. रॉकेट हा शब्द परका असला तरी वस्तू परकी नाही. दिवाळीत आपण 'बाण' सोडतो आणि कन्नडमध्ये फटाक्यांना 'बाण-बिरुसु' म्हणतात. मराठ्यांच्या फौजेत बाण होते, हैदर आणि टिपूच्या फौजेत तर लोखंडी नळीचे होते. लोखंडामुळे दारू जास्त दाबाने जळे आणि बाण लांब जाई. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर काही बाण इंग्लंडला गेले, आणि ते पाहून विल्यम काँग्रीव्हने इंग्रजी रॉकेटं तयार केली. 2018 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे एका पडक्या विहिरीत असे हजाराहून जास्त गंजलेले बाण सापडले. अब्दुल कलाम अमेरिकेत शिकायला गेले असता वॉलॉप्सच्या केंद्रात त्यांना टिपूच्या बाणांचं चित्र लावलेलं दिसलं होतं. ही हकीकत बेळगावच्या माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेल्या 'अग्निपंख'मध्ये आहे, मुलांना जरूर वाचायला द्या.

मात्र दारू आपल्या प्रकल्पात नको म्हणजे नकोच. फटाक्याची पूड, आगपेटीचा गूल यांना हात लावायचा नाही. पाण्याच्या रॉकेटलाही पथ्यं आहेत. बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच हवी, कारण ती दाब सोसायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली फुटते. पंख चिकटपट्टीने लावा, गरम गोंदाने प्लास्टिक मऊ पडतं. बाटलीवर ओरखडा किंवा पांढरी रेघ दिसली की ती फेकून द्या. पंपाला लांब नळी लावा, दाब चाळीस पौंडांच्या वर नेऊ नका, आणि हवा भरताना पाच-सहा पावलं दूर राहा. बूच सुटलं नाही म्हणून वाकून बघायला जायचं नाही, आधी लांबूनच हवा सोडायची. टोकाला शाडूचा छोटा गोळा मात्र हवाच. पुढचा भाग जड आणि पंख मागे असले तरच ते सरळ जातं.

उंची मोजायला कोनमापकाला दोऱ्याने खडा बांधा. उडवण्याच्या जागेपासून तीस मीटरवर उभं राहून टोकाकडे बघा. कोन पंचेचाळीस अंश आला तर उंची तीस मीटर, अधिक बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. हे काम धाकट्या बहिणीला द्यावं, ती पंपासाठी भांडत नाही.

तक्ता लिहिताना दोन्ही भाषा वापरा. दाबाला कन्नडमध्ये 'ओत्तड', हवेला 'गाळी'. आपण हवा 'मारतो' आणि कन्नड मुलं 'गाळी होडी' म्हणतात, तिथेही मारणंच आहे. शेजारच्या कन्नड मित्राला पंपावर बसवलं तर शब्द विचारायला पुस्तक उघडावं लागणार नाही. वहीत फसलेली उड्डाणंही तारखेसकट लिहायला सांगा. साडीवर गेलेलं पहिलं उड्डाण बालाघाटच्या वहीत सर्वांत वर आहे, आणि त्यापुढे लिहिलंय: पंख दोनच होते, एक सुटला.