प्रार्थनेचा ताळेबंद

प्रार्थनेने मनाला शांती मिळते असे कुणी म्हटले, तर मी निमूटपणे मान डोलावतो. मनाचा हिशेब ठेवणारी वही अजून निघालेली नाही. पण प्रार्थनेने ताप उतरतो, गाठ विरघळते असे कानावर आले, की माझ्यातला बी. कॉम. जागा होतो. हा व्यवहार झाला, आणि व्यवहार म्हटला की व्हाउचर आलेच! आम्हां बँकेतल्या कारकुनांना ताळा जमल्याशिवाय जेवण जात नाही.

ही खोड माझ्या एकट्याची नव्हे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाने १८७२ सालीच हा ताळा करून पाहिला. इंग्लंडातल्या चर्चांतून राजाच्या दीर्घायुष्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना चाललेली. म्हणजे साऱ्या देशाकडून नियमित भरणा! तिशी ओलांडलेल्यांचे सरासरी आयुष्य त्याने काढले, तर पाद्री ६९, वकील ६८, डॉक्टर ६७, आणि राजघराण्यातली मंडळी ६४! (वकिलांसाठी कोण प्रार्थना करतो हो?) पाद्री पुढे दिसतात खरे, पण नुसते नामवंत घेतले तर तेही वकील-डॉक्टरांच्या मागेच. मला पटला तो त्याचा दुसरा मुद्दा. विमा कंपनी वय विचारते, आजार विचारते. रोज प्रार्थना करता का, हे मात्र विचारीत नाही. पैशाच्या बाबतीत इतकी चौकस मंडळी एवढी मोठी गोष्ट विसरतील?

गाल्टन जुना झाला म्हणाल, तर २००६ सालचे घ्या. अमेरिकेत डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपासचे १८०२ रुग्ण घेतले. खर्च सुमारे २४ लाख डॉलर. तीन ख्रिस्ती गट प्रार्थनेला बसले. त्यांना दिले काय, तर रुग्णाचे नाव आणि आडनावाचे आद्याक्षर. एवढ्यावर आमच्याकडे पासबुकसुद्धा भरून मिळत नाही! निकाल असा: नकळत प्रार्थना लाभलेल्यांपैकी ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही उपद्रव झाला, न लाभलेल्यांपैकी ५१. आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना होणार' असे ज्यांना आधीच सांगितले होते, त्यांच्यापैकी ५९! प्रकरण थेट वरपर्यंत गेले म्हणजे आपले काही खरे नाही, असेच वाटले असेल बिचाऱ्यांना.

यावर 'देवाची परीक्षा घेऊ नये' असे उत्तर येते. पण १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ३९३ हृदयरुग्णांत प्रार्थनेचा गट काही बाबतींत सरस निघाला, तेव्हा हीच परीक्षा गोड लागली होती. तिथेही मृत्यूंत फरक नव्हता, ते सोयीस्कररीत्या राहिले. जमेला पावती, आणि नावे पडले की 'प्रभूची इच्छा'! असले खाते कुठला ऑडिटर पास करील?

हे नुसते हसण्यावारी नेता येत नाही. २००८ साली विस्कॉन्सिन राज्यात अकरा वर्षांची एक मुलगी मधुमेहाने गेली. इन्शुलिनने वाचली असती. आईबाप डॉक्टरला न बोलावता प्रार्थना करीत राहिले होते. न्यायालयाने दोघांनाही दोषी ठरवले.

आता आमच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांचे काय, असे कुणी विचारील. तीही वही याच टेबलावर येऊ द्या. फक्त ती तपासायला २४ लाख डॉलर कोण देतो?