‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवू नका

पोळ्याच्या करीला पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. पात्रात पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगडांचा मारा. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, माणसं दगावलेलीही आहेत. किती डोकी फुटली, किती जणांना टाके पडले, याचा आकडा संध्याकाळपर्यंत जाहीर होतो आणि तिथेच मोजणी थांबते. शेजारचा गडी कोसळताना ज्याने पाहिला, त्याच्या झोपेचं आणि रक्तदाबाचं पुढे काय झालं, हे त्या आकड्यात येत नाही. गोटमार असो, रस्त्यावरचा अपघात असो की घरातली मारहाण, रामाकोना-सौंसर पट्ट्यातला असा धसका घेतलेला माणूस काही महिन्यांनी छातीतली धडधड घेऊन दवाखान्यात आला आणि ईसीजी साधा निघाला, की ‘मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर ठरलेलं. मनाचं आहे म्हणजे शरीराचं नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. या गृहीतकाला आज शास्त्राचा आधार उरलेला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सवयींचा. धसका घेतलेला माणूस दारू-तंबाखूकडे वळतो, हालचाल सोडतो, मग हृदय बिघडलं तर दोष सवयींचा, धसक्याचा कसा? आक्षेप वजनदार आहे, आणि अर्धा खराही आहे. अमेरिकेतल्या सुमारे ५०,००० परिचारिकांचा २० वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आघातानंतरच्या तणावाची चार किंवा अधिक लक्षणं असलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण ६० टक्क्यांनी जास्त आढळलं. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा धूम्रपान, लठ्ठपणा, रक्तदाब अशा गोष्टींनी उलगडतो. उरलेला उलगडत नाही. त्याआधी २०१३ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या ५६२ जुळ्या पुरुषांचा अभ्यास झाला होता. आघातोत्तर तणाव विकार असलेल्यांपैकी २२.६ टक्के, तर नसलेल्यांपैकी ८.९ टक्के जणांना हृदयविकार जडला. एका भावाला हा विकार आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्यांतही फरक फारसा कमी झाला नाही. जुळ्यांची आई एक, बालपण एक, रक्त बव्हंशी एक. तेव्हा सगळं खापर घराण्यावर किंवा वाढीवर फोडता येत नाही. शिवाय संशोधक केवळ रुग्णाच्या सांगण्यावर विसंबले नव्हते, हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं हे त्यांनी यंत्राने मोजलं होतं. शरीर सतत पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत राहिलं, तर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉलचा तोल ढळतो, झोप तुटते, दाह वाढतो. रक्तवाहिन्यांना कारण मनाचं की देहाचं, हे कळत नाही.

दुसरं म्हणणं असं की ही अमेरिकन सैनिकांची दुखणी, आपल्या खेड्यातला माणूस काटक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यातून वाचलेल्यांमध्ये हा विकार आणि तीव्र नैराश्य मोठ्या प्रमाणावर आढळल्याचं मनोविकारतज्ज्ञांनी १९९६ मध्येच नोंदवलं. दगडमातीच्या भिंतींमध्ये झोपायला लोक धजत नव्हते. ही मराठवाड्यातल्या खेड्यांतलीच माणसं होती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि तो आपल्याच मध्य प्रदेशच्या राजधानीतून येतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्याने फुप्फुसं आणि डोळे जाळले. पुढे धाप लागते, अशक्तपणा जात नाही म्हणणाऱ्या गरिबांना ‘हे भीतीचं आहे’, ‘भरपाईसाठी चाललंय’ असंही ऐकावं लागलं. म्हणून कार्यकर्ते बजावतात: मनाचा उल्लेख केलात की विष निर्दोष सुटतं. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे, पण निष्कर्ष उलटा काढायला हवा. विषाने फुप्फुस जाळलं आणि त्या रात्रीच्या दहशतीने हृदय पोखरलं, तर या दोन वेगवेगळ्या इजा झाल्या आणि दोन्ही एकाच कारखान्याच्या खात्यावर पडतात. ‘मनाचं’ हा शब्द जबाबदारी झटकायला वापरता येतो, तो केवळ मनाची इजा आपण फुकटची मानतो म्हणून. ती शरीरात उतरते हे मान्य केलं, की दोषी माणसाचं बिल वाढतं.

आघात झालेला प्रत्येक जण आजारी पडत नाही, बहुतेक सावरतात, हे खरंच. म्हणूनच न सावरणारे शोधावे लागतात, आणि शोधण्यात फायदा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्या माजी सैनिकांची या विकाराची लक्षणं ठळकपणे कमी झाली, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ४९ टक्क्यांनी कमी दिसलं. उपचारामुळेच मधुमेह टळला, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण वाट पाहत बसण्याइतका हा आकडा किरकोळही नाही. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. नव्या जिल्ह्याने गोटमारीच्या जखमींना तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावं, टाक्यांसोबत झोप विचारावी, रक्तदाब आणि साखर तपासावी. याला नवी इमारत लागत नाही. आणि धडधड थांबत नसलेल्यांनी हृदयाची तपासणी अर्धवट न सोडता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलावं. तो रात्री-अपरात्रीही लागतो.