जुन्या चित्रांची झळाळी

मुलांनो, जुन्या वाड्यात किंवा वस्तुसंग्रहालयात टांगलेली मोठी तैलचित्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. नऊवारी लुगडे नेसलेली, नाकात नथ घातलेली एखादी स्त्री चित्रातून आपल्याकडे शांतपणे पाहत असते. चित्र काढणारा जाऊन शंभर वर्षे लोटली, तरी तिच्या पदरावरची झळाळी ओसरलेली नसते. ती पाहून कोणी म्हणतो, 'जुने ते सोने!' दुसरा म्हणतो, 'गेलेल्या काळाचा हा थाटमाट आपल्याला काय कामाचा?' मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. जुन्या सौंदर्याला डोळे झाकून वंदन करू नये आणि त्याच्याकडे पाठही फिरवू नये. ते कोणाच्या कष्टांतून आणि कौशल्यातून जन्मले, याचा शोध घेत ते पाहावे, असे मला वाटते.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचीच चित्रे घ्या. त्यांनी आपल्या चित्रांतील कित्येक नायिकांना महाराष्ट्रीय पद्धतीचे लुगडे नेसविले. रेशीम कोठे वळते, कोठे दुमडते, घडीच्या टोकावर उजेड कसा थांबतो आणि आत सावली कशी दाटते, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. म्हणूनच त्यांच्या चित्रातील पदराला हात लावावासा वाटतो. पुढे १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. एकेका रंगासाठी वेगळी शिळा वापरून तेथे रंगीत चित्रे छापली जात. जी चित्रकला पूर्वी राजवाड्यांत राहत असे, ती अशा रीतीने सामान्यांच्या घरातील भिंतीवर आली.

परंतु चित्रकाराने रंगविण्यापूर्वी ते वस्त्र कोणीतरी विणलेले असते, याचा आपल्याला विसर पडतो. अशी वस्त्रे कशी घडतात, हे पाहावयाचे असेल, तर भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आंधळगावला जावे. हे गाव कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. ऐन आणि अर्जुन या झाडांची पाने खाऊन वाढणारे किडे रानात कोसे तयार करतात. ते कोसे उकळून त्यांतून धागा काढावा लागतो. या धाग्याला मधासारखा पिवळसर रंग आणि सौम्य चमक जन्मतःच असते. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला 'करवती काठ' ही विदर्भातील कोशाच्या लुगड्याची ओळख आहे. अंगाचे सूत आणि काठाचे सूत एकमेकांत गुंतवून, तीन धोट्यांनी तो विणतात. हाताची लय जरा चुकली, की दाते वेडेवाकडे होतात. गावाच्या नावात 'आंधळ' ही अक्षरे असली, तरी तेथील विणकरांची नजर सुताएवढी बारीक आहे!

चित्रपटांचेही असेच आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार होते. त्यांनी आपल्या मूकपटांसाठी पडदे रंगविले आणि जाहिरातींची चित्रेही स्वतः काढली. त्या काळी पडद्यावर रंग नव्हते. तांबडे आणि हिरवे वस्त्र तेथे एकसारखेच करडे दिसण्याचा संभव असे. त्यामुळे कापडाची चमक, काठाची नक्षी आणि प्रकाशाची दिशा यांचा फार विचार करावा लागे. 'प्रभात' कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटात तर दागदागिने आणि महाल यांचा झगमगाट नाही. एक गरीब घर आणि त्यातील साधी माणसे एवढेच तेथे दिसते. तरीही तो चित्रपट आजही सुंदर वाटतो. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात तो नावाजला गेला. सौंदर्याला श्रीमंतीची गरज असतेच असे नाही, हे त्यावरून समजते.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो योग्यही आहे. त्या जुन्या चित्रांत राजे आहेत, राण्या आहेत, देवदेवता आहेत. पण विणकर कोठे आहे? कोसे उकळणारी स्त्री कोठे आहे? त्या बहुधा दिसत नाहीत. जुन्या काळातील सर्वच चांगले होते, असे मानणाऱ्याने ही उणीव ध्यानात ठेवली पाहिजे. मात्र या उणिवेमुळे चित्र टाकाऊ ठरत नाही. उलट, चित्रात नसलेली ती माणसे त्याच पदराच्या झळाळीत शोधणे हे पाहणाऱ्याचे काम आहे.

हे काम आज अधिक निकडीचे झाले आहे. आपल्याकडील बहुतेक मूकपट नष्ट झाले. त्यांची फीत सहज पेट घेई, आणि ती जपून ठेवावी असे फार थोड्यांना वाटले. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत पुष्कळ काही हातचे गेले होते. हातमागावरही आज तशीच वेळ आली आहे. यंत्रावर झटपट निघणारे स्वस्त कापड दुरून कोशासारखेच दिसते. ज्याला दोहोंतील फरक ओळखता येत नाही, तो स्वस्त तेच घेणार. त्यात त्याचा दोष नाही. पण फरक ओळखणारे डोळेच उरले नाहीत, तर विणकराच्या मुलाने बापाचा माग का चालवावा?

म्हणून मुलांनो, आजीच्या पेटीतील जुने लुगडे एकदा उजेडात धरून पाहा. त्याचा काठ हातमागाचा आहे का, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रात प्रकाश कोणत्या बाजूने आला आहे, ते ओळखा. जुना चित्रपट पाहताना कथेबरोबर वस्त्रे, भांडी आणि दरवाजे यांकडेही लक्ष द्या. यासाठी पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो. एखादी कला जगते ती करणाऱ्याच्या हातांवर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर. हात आंधळगावात अजून आहेत. डोळे मात्र आपण दिले पाहिजेत.