एकाच टॉवरवरचे वैरी

मराठीच्या वर्गांतून आणि चर्चासत्रांतून गेली काही वर्षे एक विषय मोठ्या हौसेने मांडला जातो. तो म्हणजे 'जाहिरातीची संहिता'. विषय वाईट नाही. जाहिरात हा आपल्या काळातला सर्वांत जास्त वाचला जाणारा मजकूर आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवणे हा केवळ सोवळेपणा ठरेल. आमची तक्रार विषयाबद्दल नाही, वाचनाच्या पद्धतीबद्दल आहे. हे निबंध वाचताना असे जाणवते की समीक्षक जाहिरातीला प्रश्न विचारण्याऐवजी तिच्या चातुर्याला दाद देऊन थांबतो. ॲपलच्या पांढऱ्या अवकाशाचे सौंदर्य, सॅमसंगचा उपरोध, हचच्या कुत्र्याचे वात्सल्य यांवर पानेच्या पाने लिहिली जातात, आणि शेवटी जे हाती येते ते कंपनीच्या विपणन विभागाने स्वतःबद्दल आधीच म्हणून ठेवलेले असते. अशा लेखनाला समीक्षा म्हणण्यास आम्ही तयार नाही. ती भाटगिरी आहे. फरक इतकाच की हा भाट बिदागी घेत नाही.

या मंडळींचे आवडते नाव रोलाँ बार्थ. १९५७ साली आलेल्या त्यांच्या 'मिथॉलॉजीज'चा उल्लेख नसलेला निबंध विरळाच. त्याच पुस्तकात कपडे धुण्याच्या पावडरींवर एक छोटा लेख आहे. पर्सिल आणि ओमो या दोन पावडरींच्या जाहिराती परस्परांहून किती वेगळ्या मानसशास्त्रावर उभ्या आहेत, हे बार्थ त्यात बारकाईने उलगडून दाखवतात. आमचे अभ्यासक इथपर्यंत आनंदाने वाचतात. मात्र लेख संपता संपता बार्थ एक साधी गोष्ट सांगतात. ती अशी की एक पातळी आहे जिथे पर्सिल आणि ओमो एकच आहेत, आणि त्या पातळीचे नाव युनिलिव्हर. सगळ्या विश्लेषणाची धार या शेवटात आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे गळून पडतो.

ही पातळी आपल्याकडे शोधायची तर फार लांब जावे लागत नाही. २००३ च्या सुमारास हचचा तो चपट्या नाकाचा कुत्रा मुलामागे चालू लागला. एअरटेलने ए. आर. रहमान यांच्याकडून घेतलेली धून त्याआधीच घरोघर पोहोचली होती. आयडियाने अभिषेक बच्चन यांना पुढे करून 'व्हॉट ॲन आयडिया, सरजी' हे वाक्य लोकांच्या तोंडी बसवले. हचचे नाव व्होडाफोन झाल्यावर २००९ साली आयपीएलच्या सामन्यांमधून झूझू अवतरले. प्रेक्षकाला वाटावे, हे तीन घराण्यांचे हाडवैर. त्याच काळात, २००७ साली, याच तीन कंपन्यांनी मिळून इंडस टॉवर्स ही सामाईक कंपनी उभारली होती. म्हणजे पडद्यावर एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या या तिघांचे अँटेना एकाच लोखंडी मनोऱ्यावर शेजारी शेजारी नांदत होते. त्यात बेकायदा काही नाही आणि खर्चाच्या दृष्टीने ते शहाणपणाचेही आहे. आमचा मुद्दा एवढाच की स्पर्धा टॉवरवर नव्हती, ती मुख्यत्वे गोष्टीत होती. सेवा जितकी सारखी होत जाते, तितकी गोष्ट वेगळी करावी लागते.

जगभर हेच चालले आहे. २०२० च्या ऑक्टोबरात ॲपलने आयफोनच्या खोक्यातून चार्जर काढला, तेव्हा सॅमसंगने त्याची खिल्ली उडवली. पुढच्या जानेवारीत आलेल्या सॅमसंगच्या बड्या फोनच्या खोक्यातही चार्जर नव्हता. २०१७ च्या आयफोन-टेनचा ज्याच्यामुळे गाजावाजा झाला तो पडदा सॅमसंगच्याच कारखान्यातला. अँड्रॉइडचा मालक गूगल आणि आयफोनचा मालक ॲपल यांचे वैर तर तरुणांच्या गटागटांत धर्मयुद्धासारखे लढले जाते, पण आयफोनवर शोधयंत्र म्हणून आपलेच नाव आधीपासून असावे यासाठी २०२२ या एका वर्षात गूगलने ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, असे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाले. आपल्याकडे २०२० साली फेसबुकने आणि पाठोपाठ गूगलने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये भाग घेतले. मग जानेवारी २०२२ मध्ये गूगलने एअरटेलमध्येही गुंतवणूक जाहीर केली. जून २०२४ च्या अखेरीस दरवाढ करण्याची वेळ आली, तेव्हा जिओ, एअरटेल आणि व्हीआय यांनी अवघ्या दोन-तीन दिवसांत एकामागून एक आपापले वाढीव दर जाहीर केले. त्या आठवड्यात कोणता कुत्रा कोणाच्या मागे चालत होता, हे आमच्या समीक्षकांनी जरूर तपासावे.

आता अक्कलकुव्याकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा हा तालुका. एका अंगाला गुजरात, उत्तरेला नर्मदा आणि मधे सातपुड्याच्या रांगा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेले मणिबेली याच तालुक्यातले. तालुक्याच्या गावी आणि मोलगीच्या बाजारात फोन कंपन्यांनी भिंती रंगवलेल्या दिसतात. लाल, निळा, पिवळा असा सगळा रंगोत्सव. मात्र मोलगीच्या पुढे डोंगरातल्या पाड्यांकडे निघालो, की रंग आधी संपतात आणि मग फोनवरच्या रेघाही संपतात. जिथे गिऱ्हाईक तुरळक आणि टॉवरचा खर्च मोठा, तिथे हे प्रतिस्पर्धी एकमेकांना बिनविरोध वाट देतात. कोणीच कोणाच्या पुढे धावत नाही.

मग तिथे जाते कोण? सार्वजनिक पैसा जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांना फोर-जी देण्यासाठी सुमारे ६,४६६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्र त्या पाच राज्यांपैकी एक आहे आणि नंदुरबार हा महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. जुलै २०२२ मध्ये देशभरच्या २४,६८० वंचित गावांसाठी २६,३१६ कोटींचा प्रकल्प आला, तो बीएसएनएलमार्फत. बीएसएनएलच्या जाहिरातींवर कुणी निबंध लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्याची प्रतिमा फिकी, त्यानेच अवघड डोंगर चढायचा, असा हा श्रमविभाग आहे.

पण डोंगरातला माणूस या जाहिरातींच्या जगातून गैरहजर आहे, असे मात्र नाही. आमच्या आक्षेपाचा गाभा इथेच आहे. तो हजर आहे, आणि भरपूर हजर आहे, पण श्रोता म्हणून नव्हे, पात्र म्हणून. २००८ च्या सुमारास आयडियाच्या एका जाहिरातीत शाळेपासून वंचित असलेली खेड्यातली मुले मोबाईलच्या आवाजावर धडे गिरवताना दाखवली होती. पाहणाऱ्याचे मन भरून यावे अशीच ती केली होती. बारा वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, फोनवरून शाळा भरवण्याची वेळ खरोखरच आली. तेव्हा सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर मुले टेकड्या चढून रेघ शोधत होती, आणि जिथे तीही सापडेना तिथे शिक्षकच पायी पाड्यांवर जात होते. आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला आयडिया हे नाव व्होडाफोनसह मिटवून त्या जागी व्हीआय ही दोन अक्षरे आली. ज्या प्रतिमेने वचन दिले, ती प्रतिमा वचन वठवण्याच्या मोसमात अस्तित्वातच उरली नाही. कर्जदार मेला तर वारसाकडे जाता येते. ब्रँड मेल्यावर कोणाकडे जायचे?

दुसरे उदाहरण थेट महाराष्ट्राच्या नावावर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना वादात सापडली. काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे जाळे पैसे मोजून, अशी ती योजना. तेव्हा मार्क झुकरबर्ग यांनी भारतातल्या एका मोठ्या इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी होता. या फुकट सेवेवर तो हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, आणि त्याचे भले झाले आहे. मग याला विरोध तरी कोण आणि का करील, असा त्या लेखाचा रोख. त्या शेतकऱ्याला पहिले नाव होते. गाव मात्र नव्हते, तालुका नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याच्या तोंडी एकही प्रश्न नव्हता. साहित्याच्या अभ्यासकाला हे पात्र ओळखीचे वाटायला हवे होते. आमच्या ग्रामीण कथेत असा भाबडा, कृतज्ञ, लेखकाच्या सोयीने बोलणारा शेतकरी आला असता तर आपण त्या कथेची साले काढली असती. तेच पात्र कंपनीच्या लेखात आले तेव्हा आमच्या विभागांतून चकार शब्द निघाला नाही. विरोध केला तो संगणकतज्ज्ञांनी, वकिलांनी आणि नियामकाला लाखोंनी पत्रे पाठवणाऱ्या सामान्य वापरकर्त्यांनी. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली आणि ती योजना भारतात थांबली. शेतकऱ्याच्या नावाने रचलेली कथा खोडली गेली, पण कथेच्या समीक्षकांनी ती खोडली नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करू. पहिला असा, की स्पर्धेने गरिबाचे काहीच भले केले नाही का? केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचे दर कोसळले. २०१७ साली १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर जिओफोन जाहीर झाला. यामुळे अनेक घरांत इंटरनेट पहिल्यांदा आले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु ते भले दराने केले, प्रतिमेने नव्हे. आणि दर जेव्हा वाढू लागले तेव्हा प्रतिमा एकाही रुपयाने आड आली नाही. दराची चर्चा अर्थशास्त्राकडे ढकलून आपण फक्त प्रतिमेची चर्चा करत बसलो, तर भले कशाने झाले आणि ते कशाने काढून घेतले जाते, हे कधीच कळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. पाड्यावरच्या तरुणाला चकचकीत फोनचा मोह होऊच नये काय? त्याने सदैव तुमच्या कळवळ्याचा विषय होऊन राहावे काय? हा आक्षेप आम्ही मनापासून मान्य करतो. बाजाराच्या दिवशी स्वस्तातल्या चिनी फोनच्या पाठीवर ॲपलचे चिन्ह चिकटवून हिंडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना हसणारेही पाहिले आहेत, आणि त्यांत प्राध्यापक असतात. आमच्या मते ती मुले या हसणाऱ्यांहून शहाणी आहेत. त्यांनी चिन्ह घेतले आणि किंमत नाकारली. आपण मात्र किंमत मोजली, चिन्ह मिरवले आणि वर त्याचे सौंदर्यशास्त्र लिहिले. इच्छा ही गुन्हा नव्हे. आमचा राग आहे तो त्या मुलांची इच्छा गृहीत धरून त्यांच्याशी न बोलणाऱ्या व्यवस्थेवर.

'न बोलणाऱ्या' हा शब्द आम्ही अक्षरशः वापरत आहोत. २०११ च्या जनगणनेनुसार भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत. जून २०२४ मध्ये गूगल ट्रान्सलेटने एका झटक्यात ११० भाषा जोडल्या. त्यांत भारतातल्या सात होत्या : अवधी, बोडो, खासी, कोकबोरोक, मारवाडी, संथाली आणि तुळू. या भाषांना स्थान मिळाले याचा आनंदच आहे. पण एक कोटींची भिली त्या यादीत नव्हती. ग्राहकाला देव मानणाऱ्या, अखंड कंपन्यांच्या युद्धात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी रक्त सांडणाऱ्या या महासत्तांना एक कोटी माणसांची जीभ दिसली नाही. २०२५ साली केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदिवाणी' हे भाषांतराचे साधन प्राथमिक स्वरूपात आणले, त्यात भिली आहे. इथेही पुन्हा तेच घडले. प्रतिमेचा राजा जिथे जात नाही, तिथे सरकारी खाते चाचपडत पोहोचते. आणि आपण? देहवाली, पावरी, मावची बोलणारे विद्यार्थी आपल्याच वर्गांत बसलेले असताना आपण त्यांना झूझूच्या चिन्हमीमांसेवर प्रकल्प करायला देतो. कंपन्यांना बोल लावण्याआधी हे स्वतःशी कबूल केले पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. जाहिराती जरूर वाचाव्यात, वर्गात शिकवाव्यात. पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय वाचन पुरे झाले असे मानू नये. ही गोष्ट कोणाबद्दल आहे आणि कोणाला सांगितली आहे? या दोन माणसांमध्ये अंतर किती? आणि जे दोघे भांडताना दिसतात, त्यांचा सामाईक टॉवर कुठे आहे? पहिले दोन प्रश्न साहित्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला येतात, कारण निवेदक, पात्र आणि श्रोता यांच्यापलीकडे आपण दुसरे शिकवतो तरी काय? तिसऱ्या प्रश्नासाठी थोडी मान वर करावी लागते. अक्कलकुव्यातल्या विद्यार्थ्याला ती सवय आहे. रेघ मिळते का हे पाहण्यासाठी त्याने ती बऱ्याचदा वर केलेली असते.