कोरलवाल्यांनो, पानं लावायचं सॉफ्टवेअर द्याच!

मंडळी, "चित्रांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं चित्रंच पाहावीत, पुस्तकाची पानं लावायच्या भानगडीत पडू नये" हे मत एवढ्यात दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा सांगणारे पुण्याचे होते, हा योगायोग समजा :-) मला हे मत साफ नामंजूर आहे.

पुण्यात काय वापरायचं ते वापरा. आमच्याकडे भातकुलीपासून अमरावतीपर्यंत डीटीपीचं दुकान म्हणजे कोरलड्रॉ. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाची पाटी, निवडणुकीचं पत्रक, सगळं त्यातच. त्यात वावगं काही नाही, १९८९ साली ते निघालंच चित्रांसाठी. पण त्याच दुकानात शाळेची स्मरणिका येते, गावाचा इतिहास येतो, एखाद्या निवृत्त गुरुजींचं दोनशे पानी आत्मचरित्र येतं. तेही कोरलमध्येच लागतं! ऑपरेटरचा हात त्यावर बसलेला. पेजमेकर येणारे होते, पण ते सॉफ्टवेअर २००१च्या सातव्या आवृत्तीवर थांबलं.

"अहो, कोरलमध्ये कितीतरी पानं घेता येतात की!" येतात. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणीही असतं. मजकूर एका चौकटीतून दुसरीत वाहतो, कबूल. पण तळटीप? हातानं. अनुक्रमणिका? हातानं. पानाचा आकडा आपोआप टाकायची सोय २०१२च्या एक्स-६ मध्ये आली, तोवर तोही हातानंच. मधल्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढले की पुढच्या सगळ्या तळटिपा खाली-वर करत बसा.

याहून वाईट म्हणजे 'कर्व्ह'. छापखान्यात फॉन्ट नसला तर रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, म्हणून फाईल पाठवण्याआधी ऑपरेटर सगळी अक्षरं कर्व्ह करून टाकतो. पत्रिकेला ठीक आहे. पण पुस्तक कर्व्ह केलं की त्यात मजकूर उरतच नाही, उरतात नुसत्या रेघा. शोधता येत नाही, सुधारता येत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची होती. दुकानातून फाईल मिळाली, ती कर्व्ह केलेली. मूळ फाईल कधीच पुसली गेली होती. सव्वाशे पानं पुन्हा टाईप करावी लागली. ज्यांच्या आठवणी त्यात होत्या त्यातले निम्मे लोक आता नाहीत, त्यांना पुन्हा विचारणार कोण? असं किती साहित्य रेघा होऊन पडलं असेल!

आणि गंमत बघा, पानं लावायचं सॉफ्टवेअर कोरलकडे होतं. व्हेंचुरा. १९८६चं, लांबलचक पुस्तकांसाठीच केलेलं. १९९३ साली कोरलनं ते विकत घेतलं, २००२ साली दहावी आवृत्ती काढली आणि विषय संपवला. घरात बैलजोडी असून वखर हातानं ओढायला लावल्यासारखं झालं हे!

चित्रवाल्यांना हे जमत नाही म्हणावं, तर इलस्ट्रेटर काढणाऱ्या अडोबीनंच १९९९ साली इनडिझाईन आणलं. ब्रिटनच्या सेरिफनं ॲफिनिटी डिझायनरनंतर २०१९ साली ॲफिनिटी पब्लिशर दिलं, तेही असं की पान लावता लावता त्याच खिडकीत चित्र दुरुस्त करता यावं. (तेव्हा त्याला आपली जोडाक्षरं जुळवता येत नव्हती, तो राग वेगळा.) पुढं कॅनव्हानं २०२४ साली ती कंपनी घेतली आणि २०२५ साली चित्र, फोटो, पान तिन्ही एकत्र करून फुकट वाटलं.

मग इनडिझाईनच घ्या, असं कोणी म्हणेल. ते उत्तम आहे, देवनागरीही नीट लावतं. पण ते भाड्यानं मिळतं, आणि वर्षाला चार पुस्तकं लावणारा दुकानदार बाराही महिने भाडं का भरेल? स्क्रायबस फुकट आहे, २०१७ पासून त्याला आपली लिपी समजते. ते काम स्वयंसेवकांच्या प्रकल्पात झालं, म्हणून तर पैसेवाल्या कंपनीची सबब मला पटत नाही. आता आमचा मामेभाऊ विचारेल, "चोरीचं कोरल वापरणाऱ्यांसाठी कंपनीनं का राबावं?" अरे बाबा, पैसे मोजून घेणारेही आहेत, आणि त्यांनाही तळटीप हातानंच टाकावी लागते.

माझं मागणं मोठं नाही. कोरलचेच मेनू, जुन्या फाईली त्यात उघडाव्यात, अनुक्रमणिका आपोआप, आणि फॉन्ट पीडीएफमध्येच बांधून जाईल अशी सवय लावणारी छपाईची खिडकी.

तोवर, मंडळी, घरातल्या कोणाचं पुस्तक छापायला टाकलंत तर दुकानदाराकडून कर्व्ह न केलेली फाईल आणि युनिकोडमधला मजकूर मागून घ्या. पैसे देण्याआधी मागा, नंतर कोणी देत नाही.