आधी ठराव, मग निरोप



आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने एप्रिल २०१७ मध्ये संपाचा ठराव केला. व्हॉट्सॲपवरून तो गावोगाव पोचला आणि १ जूनला दुधाच्या, भाजीच्या गाड्या थांबल्या. ३ जूनच्या पहाटे मुंबईत मोजक्यांनी संप मागे घेतला. गावांनी तो चालूच ठेवला. २४ जूनला ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली.

हे बळ नुसत्या फोनचे नव्हते. ठराव आधी झाला, निरोप मागून गेला.

नेवासा तालुक्यात गावोगाव ग्रुप आहेत. त्यांवर शुभेच्छा पुरे झाल्या. कापसाला, ज्वारीला हातात पडलेला भाव आणि कामगंध सापळ्यातले बोंडअळीचे पतंग रोज लिहा. तेच आकडे घेऊन ग्रामसभेला या. ग्रुपवर उठवलेला अंगठा इतिवृत्तात येत नाही.